खारीवाड्याची लाल हळद

१

हळद लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी घरातला माणूस गेला. खारीवाड्याला आणखी पुरावा नको होता.

कळव्याच्या पुढे मिठागरांना चिकटून असलेली ही कोळ्यांची वस्ती. चोपन्न सालचा मे महिना, विहिरीने तळ गाठलेला, आणि गोमाजी कोळ्याच्या दारात त्याच्या लेकीच्या, सगुणाच्या, लग्नाचा मांडव. आता त्या मांडवात चिटपाखरू नव्हतं. गोमाजीचा धाकटा भाऊ दामाजी ढाळ-वांत्यांनी गेला होता. घराघरांत माणसं विव्हळत पडली होती आणि त्यांत नवरी मुलगीसुद्धा होती.

प्रमोदिनी प्रधान बांधावरून जवळजवळ पळतच आली. सरकारी भाषेत ती आरोग्य परिचारिका, वाड्याच्या भाषेत टोचणारी बाय. खांद्याला लशीची पिशवी, अंगावर निळ्या काठाची पांढरी साडी. म्हणजे काठ एके काळी निळा होता. हल्ली तो पार उडाला होता, पण साडी मात्र अशी पांढरीशुभ्र, की ठाण्याच्या मोठ्या मेट्रनबाईंनी परवा तिला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "कुणाकडे टाकतेस गं धुवायला?"

आज त्या साडीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळ्यात वाईट हालत असलेल्यांना तिने बैलगाडीत घालून ठाण्याला धाडलं, उरलेल्यांना पाणी उकळून घ्यायला दटावून सांगितलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की एक माणूस कुठे दिसत नाहीये.

"आवडाबाई कुठेय?"

आवडाबाई म्हणजे वाड्याची धवलारीण. इकडच्या लग्नांत हळद कालवायची, देवांना बोलावणारे धवले म्हणायचे, लग्नाचे सगळे विधी करायचे, तो मान या म्हाताऱ्या विधवेचा. आणि सुई बघून पळणाऱ्या बायकांना दंडाला धरून प्रमोदिनीसमोर बसवायचं कामही तिचंच.

"तिचा नाव काढू नको, बाय," गोमाजी म्हणाला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "कोंडलाय तिला जाल्यांच्या खोपीत. तिच्या हातात हलद रगतासारकी लाल झायली. दुसऱ्या दिवशी माजा भाव गेला. भरती लागली का होडीत घालून खाडीपल्याड सोडनार. परत या वाड्याला तोंड दावायचा नाय."

"गोमाजी, अरे ही पटकी आहे! पाण्यातून येते. मी गेली दोन वर्षं घसा फोडून सांगतेय ना?"

"सांगतंस ना? आता आयक." गोमाजी उठून तिच्यासमोर उभा राहिला. "तूच बोललीस, विहिरीत औषद टाकला का पटकी येत नाय. हलदीच्या आदल्या दिवशी भागवत सायबानं औषद टाकला. सगल्या वाड्यानं उभा राहून बगितला. तरी पटकी आयली. मंग सांग, औषद खोटा, का तू खोटी, का ती म्हातारी खोटी?"

प्रमोदिनी खोपीकडे वळली. तिचीच शिकवण म्हातारीच्या गळ्याला फास होऊन बसली होती.

२

खोपीच्या फटीतून आवडाबाईचा एकच डोळा दिसत होता.

"पानी पिलं का?" आतून पहिला प्रश्न तिनेच विचारला. "घामानं निथलतंस नुसती."

"माझं राहू दे गं! काय झालं ते सांग. तुझ्या बोटांना चुना होता का? पानाचा?" प्रमोदिनीने विचारलं. लाल हळदीची बातमी दवाखान्यात पोचली तेव्हा कंपाउंडर प्रभाकरने तिला हसत हसत हेच सांगितलं होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, घरोघरी कुंकू असंच करतात, म्हातारी पान खाते, बस, झालं तुमचं चेटूक! ऐकताना ते इतकं सरळ वाटलं होतं, की प्रमोदिनीचा निम्मा जीव भांड्यात पडला होता.

"बाय, तू मला वलखत नाय का गो?" आवडाबाई म्हणाली. "तोंडात देवाचा नाव असताना पान? मांडवात शिरताना चंची सोडून सगुणाच्या आत्याच्या हातात देते मी. हात राखेनं धुते. इचार तिला."

प्रमोदिनी तडक गोमाजीच्या घरी गेली; सगुणाची आत्या ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिने मान हलवली. हो, चंची तिच्याकडेच होती. आणि मग इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "एक सांगू? दुसरी परात मी कालवलेली. तिच्याजवल नाय, पार मागच्या पडवीत. मी तर पान खात पन नाय. ती पन लालच झायली."

"मग हे तू गोमाजीला का नाही सांगितलंस?"

"सांगतलं ना! तो बोलतो, बगा, म्हातारी हात न लावता पन करते."

घ्या! प्रमोदिनीला हसावं की रडावं कळेना. पण डोक्यात मात्र काहीतरी लख्ख झालं. परात वेगळी, हात वेगळे, जागा वेगळी. मग दोन्हीकडे सारखं काय होतं?

"हळद एकच होती?"

"नाय. माजी घरची, तिची बाजारची."

"आणि पाणी?"

"पानी विहिरीचं. दुसरं हाय कुटं?"

प्रमोदिनी तशीच विहिरीवर गेली. पाणी खाली, कुणी उतरलं तर गुडघाभर भरेल इतकंच. रहाटाच्या खांबाला तिचा पदर अडकला आणि तिने जरासा ओढला, तर टरकन फाटला. वर्षसुद्धा न झालेली साडी! दुसऱ्या वेळी ती चिडली असती. आता तिने नुसता पदर खोचला आणि मागून आलेल्या गोमाजीला विचारलं, "भागवतसाहेबांनी औषध टाकलं तेव्हा वास किती आला होता?"

गोमाजी दुःखातही जरा ताठ झाला. "वास? आजाबात नाय. मीच साकडं घातलेला ना सायबाला. बोललो, सायेब, पावने येनार, पान्याला तो घान वास नको. दर साली आमी नाक दाबून पितो. सायेब हसला, बोलला, बरं, तुज्या लेकीसाठी बिनवासाचं टाकतो. द्येवमानूस हाय."

प्रमोदिनी विहिरीच्या काठावर खाली बसली. बिनवासाची ब्लीचिंग पावडर तिने जन्मात ऐकली नव्हती.

३

कळव्याच्या दवाखान्याला नुकताच चुना काढला होता. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायची, आणि मागच्या पडवीत उरलेल्या चुन्याचं पोतं अजून तसंच पडलं होतं. त्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या ड्रिल कापडाच्या सुटात सॅनिटरी इन्स्पेक्टर श्रीपाद भागवत बसले होते. ब्लीचिंगचा डबा उघडणं, पावडर मोजणं, विहिरीत टाकणं, सगळं त्यांच्या हातात. राहायचे डोंबिवलीला. बोलायला मिठ्ठास, कुणाच्या घरी अडचण असली तर पहिले हजर. प्रमोदिनीची आई आजारी होती तेव्हा त्यांनीच डॉक्टरला घेऊन येण्यासाठी धावपळ केली होती. हे सगळं आठवून ती आणखीच अस्वस्थ झाली.

"बसा, बाई. फार वाईट झालं," ते म्हणाले. "शिळं मासळीचं जेवण असणार. लग्नघरात काय, दोन दोन दिवसांचं रांधून ठेवतात."

"हळद लाल झाली होती, साहेब. विहिरीच्या पाण्याने."

"ऐकलं मी." भागवत प्रसन्न हसले. "अहो, मग ती माझ्या कामाची पावतीच की! ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतोच. मे महिना, पाणी कमी, मी पावडर टाकली सढळ हाताने. चुना पाण्यात उतरला, हळद लाल झाली. म्हातारी निर्दोष! तुम्ही सांगा त्यांना, हवं तर मी येतो."

असं असेल तर किती बरं होईल! आवडाबाई सुटेल, साहेब सुटतील, आपणही सुटू. प्रमोदिनी उठलीसुद्धा. दारात तिचा पाय अडखळला.

"सढळ हाताने म्हणजे वासही जोरात आला असेल ना?"

"विचारू नका! डबा उघडला आणि डोळ्यांतून धारा. खोकून खोकून घसा बसला माझा. नाकाला रुमाल बांधला तेव्हा कुठे टाकता आली."

ती बाहेर पडली. एकीकडे गोमाजी सांगत होता वास नव्हताच, आणि सगळा वाडा त्याला साक्षी होता. दुसरीकडे साहेब सांगत होते डोळ्यांतून धारा. दोघांतला एक जण धडधडीत खोटं बोलत होता. आणि गोमाजीला, ज्याचा भाऊ मेला होता त्याला, वासाबद्दल खोटं बोलून काय मिळणार होतं?

तिकडे खाडीचं पाणी चिखलावरून सरकायला लागलं होतं. भरती लागली होती.

४

"प्रभाकर, कोठार उघड."

प्रभाकर चपापला. कंपाउंडर म्हणून कोठाराची किल्ली त्याच्याकडे असायची. "आत्ता? बाई, तिथे काय..."

"उघड म्हटलं ना!"

कोठारात ब्लीचिंगचा मोठा पत्र्याचा डबा होता, लाकडी झाकण घट्ट बसवलेला. प्रमोदिनीने पाचर घालून झाकण उचकटलं आणि सवयीने मान फिरवली, श्वास रोखला, डोळे मिटले. ब्लीचिंगचा डबा उघडताना हे करावंच लागतं. नाहीतर घशात कुणी मिरच्या कोंबल्यासारखं होतं.

ती तशीच थोडा वेळ थांबली. मग एक डोळा उघडला. मग श्वास घेतला.

काही नाही. ओल्या भिंतीचा येतो तसा साधा वास.

तिने चिमूटभर पावडर तळहातावर घेतली. पांढरी, मऊ. पडवीतल्या पोत्यातून दुसऱ्या हातावर घेतली. तीही तशीच.

"चुना," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "प्रभाकर, यात नुसता चुना आहे रे. आपण त्या लोकांच्या विहिरीत भिंतीला काढायचा चुना टाकला."

प्रभाकरचा चेहरा पडला. "बाई, आईशप्पथ, मी नाही. म्हणजे किल्ली माझ्याकडे असते, पण..." त्याने मान खाली घातली. "दुपारी मी तालमीला जातो. आमचं नाटक बसतंय ना, हनुमान जयंतीपासून. किल्ली खिळ्याला टांगून जातो. कुणीही घेऊ शकतं."

म्हणजे डब्यात अदलाबदल करायला कुणालाही मोकळं रान होतं. प्रभाकर, झाडूवाला, बाहेरून आलेला एखादा पेशंटसुद्धा. प्रमोदिनी येरझाऱ्या घालू लागली. चुना कुणी भरला, हे सिद्ध करता येणार नव्हतं. पण...

ती मध्येच थांबली. अरे, पण चुना भरला कुणी, हा प्रश्नच चुकीचा होता! प्रश्न हा होता, की डबा उघडणाऱ्याने तो ओळखला कसा नाही?

ब्लीचिंगचा डबा उघडणाऱ्या माणसाला ते कळल्याशिवाय राहणं शक्य नाही. आंधळ्यालासुद्धा कळेल. भागवतांनी दुसऱ्या कुणाच्या चोरीला बळी पडून चुना टाकला असता, तर झाकण काढताक्षणी ते ओरडले असते, अरे, वास कुठे गेला? त्याऐवजी ते गोमाजीला म्हणाले, तुझ्यासाठी बिनवासाचं. आणि तिला म्हणाले, डोळ्यांतून धारा.

"प्रभाकर, असली पावडर गेली कुठे मग? कुणाला लागते रे ती?"

प्रभाकरने खांदे उडवले. "विहिरीला लागते, मोरीला लागते. नाहीतर धोब्याला."

प्रमोदिनीने आपल्या फाटक्या पदराकडे पाहिलं. मग काठाकडे. निळा काठ, जो आता निळा नव्हता.

"त्या डब्यातली मूठभर पावडर आणि इथलं बाटलीभर पाणी घेऊन वाड्यावर ये," ती प्रभाकरला म्हणाली, आणि धावत सुटली.

५

राघो परटाचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. दुकान कसलं, एक टपरी, मागे दोरीवर कपड्यांच्या रांगा. दोरीवरचे कपडे उन्हात डोळे दिपवत होते.

"या बाई! साडी आत्ताच दिली होती की. डाग पडला?"

"फाटली, राघो."

राघोने पदर हातात घेऊन बघितला आणि कान पकडले. "चूक झाली. जास्ती वेळ ठेवली असेल पाण्यात. ती पावडर लई कडक आहे बघा. काठ पण खाल्ला तिने. माझे हात बघा, सालटी निघाली." त्याने हात पुढे केले. खरंच बोटांची कातडी सोलून गुलाबी झाली होती.

"कुठून आणलीस पावडर?"

राघोच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "कुठून म्हणजे? भागवतसाहेबांनी दिली. सरकारी आहे, उरलेली, फेकून द्यायची म्हणाले. त्यांचे सूट त्यातच धुतो ना मी. त्यांच्या घरचं सगळं धुणं, पाहुण्यांचं धुणं, चादरी, पडदे. पावडर त्यांची, मेहनत माझी, पैशाचा विषय नाही. गिऱ्हाईक वाढलं बघा पांढऱ्या कपड्यांमुळे. डोंबिवलीच्या बाया मुद्दाम पाठवतात."

"आणि माझ्या साड्या?"

"आता घ्या! तुम्हीच नाही का म्हणालात, राघो, साहेबांसारखं पांढरं मला पण पाहिजे? म्हटलं, बाई दवाखान्यातल्याच, त्यांना कशाला नाही म्हणायचं?"

म्हणाली होती. चैत्रात, भागवतांचा सूट बघून, अगदी हौसेने म्हणाली होती. प्रमोदिनीला वाटलं, इथल्या इथे ही साडी अंगावरून ओढून काढावी. दामाजी आठवला. गेल्याच महिन्यात देवीची लस टोचून घेताना तिला म्हणाला होता, बाय, तू आली का बगला उतरल्यासारका वाटतो. सगळे हसले होते आणि तीही हसली होती.

"राघो, उरलेली पावडर दे. सगळी दे. आणि दुकान बंद करून चल माझ्याबरोबर. धाव!"

"पण झालं काय, बाई?"

"वाटेत सांगते. भरती लागलीय रे!"

६

होडी पाण्यावर आली होती. आवडाबाईला त्यांनी तिच्या गाठोड्यासकट आत बसवलं होतं. ती रडत नव्हती, किनाऱ्याकडे बघत होती. वाड्यातली प्रत्येक सून तिनेच हळद लावून घरात घेतलेली. त्यांपैकी एकीचीही मान वर नव्हती. काठावर पंच उभे होते, गोमाजी होता, आणि पांढऱ्या सुटात भागवतही आले होते. लोकांना शांत करायला आलोय, असं म्हणत होते.

"थांबा!" प्रमोदिनी बांधावरून ओरडली. मागे राघो, मागे धापा टाकत प्रभाकर. "गोमाजी, तुझा माझ्यावर विश्वास नाही, नको ठेवूस. डोळ्यांवर ठेव. हळद आण. पाणी प्रभाकरने दवाखान्यातून आणलंय. वाट्या आण."

"बाय, आता काय उपेग?"

"तुझा भाऊ कशाने मेला ते दाखवते. मग होडी सोडायची तर सोड."

आत्या धावत जाऊन सगळं घेऊन आली. प्रमोदिनीने चिखलातच बसकण मारली आणि दोन वाट्यांत हळद कालवली. एकीत दवाखान्याच्या डब्यातली पावडर टाकली. हळद लालभडक झाली. गर्दी मागे सरली, कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"ही भागवतसाहेबांच्या डब्यातली. हीच तुमच्या विहिरीत पडली. लाल झाली ना? आता ही बघा." दुसरीत तिने राघोकडची पावडर टाकली. टाकताक्षणी तो वास उठला, घशात मिरच्या कोंबणारा, आणि पुढच्या रांगेतले सगळे खोकायला लागले. ही हळदही आधी लाल झाली. मग बघता बघता विटत गेली, आणि शेवटी वाटीत गढूळ पांढरट पाणी उरलं.

"हे खरं औषध. हे रंगही खातं आणि रोगही खातं. सगुणाची हळदीची साडी घरी पडलीय, तिच्यावरचा डाग बघा, अजून लाल आहे. का? कारण विहिरीत औषध पडलंच नाही. पडला तो नुसता चुना. म्हणून हळद लाल झाली, म्हणून वास आला नाही, आणि म्हणून पटकी आली."

गोमाजी त्या दोन वाट्यांकडे बघत राहिला. "बिनवासाचं," तो पुटपुटला. मग त्याने मान वळवली. "सायेब?"

"हा प्रभाकरचा उद्योग असणार!" भागवत चटकन म्हणाले. "किल्ली त्याच्याकडे असते. मला फसवलंय!"

"फसवलं असतं तर झाकण काढल्याबरोबर तुम्हाला कळलं असतं, साहेब," प्रमोदिनी म्हणाली. "आत्ता लांब उभ्या असलेल्यांनाही कळलं. तुम्ही मला सांगितलंत, डोळ्यांतून धारा लागल्या. चुन्याने? चुना आहे हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून वासाची कहाणी रचावी लागली. खरी पावडर राघोकडे होती, तुम्ही दिलेली, तुमच्या सुटांसाठी. तो इथे उभा आहे, विचारा त्याला."

राघोने सोललेले हात पुढे केले.

भागवतांच्या चेहऱ्यावरची मिठ्ठास कुठल्या कुठे गेली. "अहो, दर वर्षी टाकतोच की आम्ही! दर वर्षी काही होत नाही. एक खेप नाही टाकली तर कोण मरतं, असं..." दामाजीच्या बायकोने मागे टाहो फोडला.

गोमाजी त्यांच्या अंगावर धावला. प्रमोदिनी मध्ये उभी राहिली.

"त्यांना पोलीस बघतील. मारायचंच असेल तर मलाही मार."

"तू काय केलंस गो?"

तिने फाटका पदर हातात धरून सगळ्यांपुढे केला. हुंदका आवरेना तिला. "ही साडी बघा. कशी बगळ्यासारखी पांढरी आहे! तुमच्या विहिरीचं औषध विचारता ना कुठे गेलं? हे इथे आहे. माझ्या अंगावर आहे. मला माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं, पण राघोकडून मागून घेतलं मीच."

होडीत हालचाल झाली. आवडाबाई गाठोडं टाकून पाण्यात उतरली, लुगडं आवरत काठावर आली आणि गर्दीतून वाट काढत प्रमोदिनीपर्यंत पोचली.

"रडतंस काय?" ती खेकसली. "ती पावडर आनलीस ना? मंग विहिरीत कोन टाकनार, तुजा बाप? ऊठ!"

विहिरीत खरं औषध पडलं. त्या दिवशी वाडाभर असा वास सुटला की कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसली. पुढे मुदत भरून पाणी पिण्याजोगं झालं, तेव्हा पहिला तांब्या आवडाबाईने ओढला आणि नाक न दाबता पिऊन टाकला. त्यानंतर वाड्यात नवीन कुणी आजारी पडलं नाही.

सगुणाचं लग्न मार्गशीर्षात झालं. दामाजी नव्हता, म्हणून वाजंत्री लावली नाही; धवले मात्र झाले. प्रमोदिनी आली ती घरी धुतलेली साडी नेसून. मळकट नव्हे, पण पूर्वीसारखी पांढरी मुळीच नव्हे. ती मांडवाच्या कडेला, बायकांच्या मागे उभी राहिली.

आवडाबाईने परातीत पाणी ओतलं, हळद कालवली. गाणं मध्येच थांबलं. सगळा मांडव श्वास रोखून परातीकडे बघत होता. हळद पिवळी राहिली. लखलखीत पिवळी.

म्हातारी उठली. गर्दी बाजूला सारत मागे आली आणि हळदीने भरलेला पंजा तिने प्रमोदिनीच्या पांढऱ्या पदरावर दाबून उमटवला, पाची बोटं.

"ही धुवाला टाकू नको गो बाय," ती म्हणाली, आणि परत जाऊन गाणं सोडलं होतं तिथून म्हणू लागली.